रॅपिडमध्येच .२२ पिस्तूल अडकतं. स्प्रिंग बदलू का?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथेच कळेल. मुलगी सतरा वर्षांची, दहा मीटर एअर पिस्तुलावरून गेल्या वर्षी पंचवीस मीटरवर आली. क्लबचं .२२ (साधारण ०.२२ इंच व्यासाच्या लहान गोळीचं) स्पोर्ट पिस्तूल वापरते. बालेवाडीला सरावात प्रिसिजनचा भाग (सावकाश नेम धरून मारायचा) सुरळीत जातो, पण रॅपिड (प्रत्येक शॉटला तीनच सेकंद) सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या शॉटला पिस्तूल अडकतं. कधी रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) उभी चिमटते, कधी पुढचा राऊंड (काडतूस) अर्धवट आत जातो आणि स्लाइड बंदच होत नाही. अधूनमधून ट्रिगर ओढल्यावर नुसताच ‘टक’ आवाज येतो. दुकानदार म्हणतो रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) बदला, कोच म्हणतात मनगट ढिलं पडतंय, क्लबमधले एक काका म्हणतात भरपूर तेल घाला. तुमचा प्रश्न एवढाच, की स्प्रिंग मागवू का?

मागवू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही सांगितलेले हे तीन वेगळे बिघाड आहेत. त्यांचं मूळ एकच असू शकतं किंवा तिन्हींचं वेगवेगळं. पिस्तुलाचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, अम्युनिशन (काडतुसं) कोणतं तेही नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला ‘बहुधा’ म्हणावं लागेल. पण शोधायची पद्धत मॉडेलप्रमाणे फारशी बदलत नाही. क्लबची पिस्तुलं उघडून परत चालू करायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करतोय. अडकतं म्हणून माझ्याकडे आलेल्या .२२ मध्ये स्प्रिंगचा दोष क्वचित निघतो. मॅगझिन (राऊंड भरायची डबी), अम्युनिशन आणि मळ या तिघांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बहुतेक .२२ स्पोर्ट पिस्तुलांत स्लाइड (काही मॉडेलांत आतला बोल्ट) कुठे लॉक होत नाही. कडी नसलेल्या जड दारासारखी ती फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. राऊंड उडाला की गॅस पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी स्लाइडला. मागे जाता जाता स्लाइड हॅमर कॉक करते (पुढच्या शॉटसाठी हातोडी ताणून ठेवते), पुंगळी इजेक्टर नावाच्या आतल्या टोकावर आपटून बाहेर उडते, मग स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते आणि ती मॅगझिनमधला वरचा राऊंड उचलून चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) बसवते. हे सगळं २.६ ग्रॅमची बुलेट उडवणाऱ्या चिमूटभर दारूच्या जोरावर चालतं. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या डब्यावर वेग साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद छापलेला असतो, तोही बहुधा रायफलच्या लांब बॅरलमधून मोजलेला. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात थोडा मळ, थोडं घर्षण खपून जातं. .२२ मध्ये हाताशी जोरच इतका कमी, की थोडं कुठे अडलं तरी स्लाइड पूर्ण मागे पोचत नाही किंवा पूर्ण पुढे येत नाही.

म्हणून पिस्तूल अडकलं की ते मोकळं करायच्या आधी बघायचं. तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, आणि कोचने मोबाइलवर एक फोटो काढायचा. सगळ्यात जास्त माहिती त्या फोटोत असते आणि घाईघाईने स्लाइड ओढून आपण नेमकी तीच पुसून टाकतो. पुंगळी उभी चिमटलेली असेल, तर स्लाइड मागे गेली पण पुरेशी गेली नाही किंवा पुंगळी इजेक्टरवर नीट आपटली नाही. राऊंडचं नाक वर करून चेंबरच्या काठाला टेकलेलं असेल, तर आधी मॅगझिनचे ओठ (राऊंड धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या वळलेल्या कडा) बघायचे. राऊंड सरळ आत गेलाय पण स्लाइड एक-दोन मिलिमीटर उघडी राहिलीय, तर चेंबर घाण आहे किंवा पुढे येण्यात जोर नाही. स्लाइड बंद, चेंबर रिकामं आणि मॅगझिनमध्ये राऊंड शिल्लक असेल, तर स्लाइड राऊंड उचलण्याइतकी मागे गेली नाही किंवा मॅगझिनने राऊंड वेळेत वर दिला नाही.

इथे एक्स्ट्रॅक्टरबद्दलही (पुंगळीची कड धरणारा आकडा) सांगून टाकतो, कारण स्प्रिंगनंतर लोकांचा संशय त्याच्यावर असतो. अशा लॉक नसलेल्या (ब्लोबॅक) पिस्तुलात उडालेली पुंगळी गॅसनेच मागे येते. इजेक्टरपर्यंत तिला धरून ठेवणं एवढंच एक्स्ट्रॅक्टरचं काम. त्याची खरी परीक्षा न उडालेला राऊंड हाताने स्लाइड ओढून काढताना होते. तसा राऊंड दर वेळी व्यवस्थित बाहेर येत असेल, तर एक्स्ट्रॅक्टरचा नंबर बराच मागे टाका.

आता तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. प्रिसिजन नीट जातं, रॅपिडमध्ये अडकतं, म्हणून कोचना मनगटाचा संशय आला. तर्क बरोबर आहे. तीन सेकंदांत हात पंचेचाळीस अंशांतून वर आणायचा, एक शॉट मारायचा, सात सेकंद खाली, परत वर. यात नव्या नेमबाजाची पकड शॉटगणिक बदलते. हात मऊ पडला की सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडचा प्रवास कमी पडतो. पण स्पर्धेप्रमाणे सरावातही प्रिसिजन आधी आणि रॅपिड नंतर असतं, हे लक्षात घ्या. साइटर (गुण न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट) धरून रॅपिड सुरू होईपर्यंत पिस्तुलातून पस्तीसेक राऊंड गेलेले असतात. मधल्या विश्रांतीत गरम झालेलं पिस्तूल गार होतं, आतलं मेण आणि काजळी घट्ट बसते. म्हणजे दोष रॅपिडचा की पस्तीस राऊंडनंतरच्या पिस्तुलाचा, हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि कोचनाही नाही.

ते वेगळं करणं सोपं आहे. एक दिवस साफ पिस्तुलाने थेट रॅपिडपासून सुरुवात करा. सुरळीत गेलं तर मळाकडे वळा. साफ पिस्तूलही तिसऱ्या-चौथ्या शॉटला अडकलं तर तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच डबा कोचच्या हातात द्या आणि त्यांनाही रॅपिडच मारायला सांगा. त्यांच्या हातात चाललं तर मनगट किंवा ग्रिप, त्यांच्याही हातात अडकलं तर मुलीला त्यातून मोकळी करा. या वयात ‘तुझंच मनगट’ असं सारखं कानावर पडलं की मुलं पिस्तूल आवळून धरायला लागतात, आणि आवळलेली पकड सुटायला मग फार वेळ लागतो.

ग्रिप म्हणालो त्यात हाताखेरीज लाकूडही येतं. क्लबच्या लाकडी ग्रिपला प्रत्येक जण आपल्या हाताप्रमाणे पुटी (लांबी) भरून आकार देतो. कुणीतरी अंगठ्याची बाजू इतकी उंच केलेली असते, की स्लाइड तिला घासते किंवा बाहेर पडणारी पुंगळी तिच्यावर आपटून परत आत येते. ग्रिपवर पितळी खुणा दिसतात का बघा. दिसल्या तर निम्मं कोडं सुटलं.

आता मॅगझिन. तिसरा-चौथा शॉट हे वाचल्याबरोबर माझा पहिला संशय मॅगझिनवर गेला. दोष ठरावीक क्रमांकावर येत असेल तर तो बहुधा राऊंडच्या रांगेत असतो. .२२ च्या पुंगळीला मागे रिम असते. भरताना वरच्या राऊंडची रिम खालच्या रिमच्या पुढे असायलाच हवी. ती मागे अडकली तर वरचा राऊंड पुढे सरकताना खालच्यालाही ओढतो आणि तिथेच जॅम होतो. मॅगझिनच्या बाजूचं बटण खाली ओढून पाच राऊंड भसाभसा टाकले की हे हमखास होतं. एकेक राऊंड ठेवा, प्रत्येक वेळी जरा मागे सरकवा, आणि भरून झाल्यावर बाजूच्या खाचेतून रांग बघा. सगळे राऊंड एकाच उतारावर दिसले पाहिजेत.

मॅगझिनवर पर्मनंट मार्करने १, २, ३ असे आकडे टाका आणि कोणतं कधी अडकलं ते लिहीत जा. क्लबच्या मॅगझिनांचे हाल आपल्याला माहीत आहेत. काँक्रीटवर पडतात, कुणी उचलून फुंकर मारून परत लावतो. एकदा तोंडावर पडलं की ओठ उघडतात किंवा मिटतात. डोळ्यांना ते दिसत नाही, व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावला तर दिसतं. चांगल्या चालणाऱ्या मॅगझिनच्या ओठांतलं अंतर मोजा, संशयिताचं मोजा, फरक आला तर ते मॅगझिन बाजूला ठेवा. पक्कड लावून ओठ ‘सरळ’ करू नका. तशी सरळ केलेली मॅगझिनं माझ्याकडे येतात आणि बहुतेक सगळी फेकावी लागतात. आत तेलही नको. तेलात दारूचे कण चिकटतात, फॉलोअर (राऊंड वर ढकलणारी पट्टी) जड होतो, स्लाइड पुढे येते तेव्हा राऊंड अजून खालीच असतो. मॅगझिन उघडून कोरड्या कापडाने पुसलं की पुरे.

अम्युनिशनबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे मनासारखा डबा दर वेळी मिळत नाही, जे आलं ते वापरावं लागतं, हे मान्य. तरी एकाच सरावात दोन प्रकार मिसळू नका. रायफलसाठीचे महागडे मॅच राऊंड पिस्तुलात चांगले चालतीलच असं नाही. काहींची बुलेट पुढून चपटी असते, ती वर चढताना अडखळते. काहींवर मेणाचा थर जाड असतो. सबसॉनिक म्हणून जाणूनबुजून मंद केलेले काही राऊंड स्लाइडला पुरेसं मागे ढकलतच नाहीत. याच्या उलट, अडकतंय म्हणून कुणी हाय व्हेलॉसिटी वापरायला सांगेल. प्लिंकिंगसाठी (डबे-बाटल्यांवर मजेखातर मारण्यासाठी) बनवलेल्या काही पिस्तुलांना तेच लागतं, पण स्टँडर्डसाठी बनवलेल्या स्पोर्ट पिस्तुलात ते स्लाइड आणि बफर (स्लाइडचा मागचा धक्का झेलणारा तुकडा) ठोकून काढतं. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेवढंच ऐका. डब्यावरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) वहीत लिहा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. त्रास एका लॉटपुरताच निघाला, तर पिस्तुलाला हात लावायचं कारण उरत नाही.

राऊंड ठेवता कुठे, हाही प्रश्न आहे. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पार्किंगमधल्या गाडीत ठेवलेल्या डब्यातलं मेण मऊ होऊन बुलेटवरून खाली उतरतं. जानेवारीत सकाळी सातला तेच मेण कडक असतं आणि तुम्ही घातलेलं जाड तेलही. हिवाळ्यात ‘पहिली सिरीज अडकते, नंतर बरं चालतं’ असं कुणी म्हणालं, की मी पहिल्यांदा तेल कोणतं ते विचारतो. एकांनी खोबरेल लावलं होतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, न्हाणीघरातली बाटली बघून हे प्रत्येक पुणेकराला ठाऊक असतं, पण पिस्तुलाच्या वेळी आठवत नाही.

भरपूर तेल घालायचा सल्ला म्हणूनच नको. स्लाइडच्या खाचांवर पातळ तेलाचा एकेक थेंब, बोटाने पसरवलेला. चेंबर कोरडं, फायरिंग पिनची (राऊंडवर फटका मारणाऱ्या खिळीची) जागा कोरडी, मॅगझिन कोरडं. जास्तीचं तेल, काजळी आणि शिशाचा चुरा एकत्र आला की काळा लगदा होतो आणि तो बरोबर एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली जाऊन बसतो.

साफसफाईत एक उलटी सवय सगळीकडे दिसते. बॅरल चकचकीत, चेंबर मात्र कुणी बघितलेलंच नसतं. .२२ च्या बॅरलला तुम्ही समजता तितकी सफाई लागत नाही. चेंबरला लागते, बोल्टच्या तोंडाला लागते. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासल्यावर .२२ साठीचा ब्राँझचा ब्रश थोड्या सॉल्व्हंटसह चेंबरमध्ये फिरवा, मग कोरडं पॅच. बोहरी आळीतला लोखंडी तारेचा ब्रश कृपया आत घालू नका, चेंबरला पडलेले ओरखडे पुंगळीला कायमचे धरून ठेवतात. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालचा लगदा लाकडी टूथपिकने काढा. बॅरल पुसताना रॉड शक्यतो मागून घाला. पुढूनच घालावा लागत असेल तर तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट: पिस्तूल फोमच्या पेटीत आठवडाभर बंद ठेवू नका. फोम ओल धरतो आणि चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडले की कितीही साफ केलं तरी पुंगळी चिकटतच राहते.

इथवरचं करून बघितलंत, एका वेळी एकच गोष्ट बदललीत, तर पहिल्या दोन बिघाडांचं कारण बहुधा हाती लागेल. उरला ‘टक’.

‘टक’ झाला की आधी थांबायचं. तोंड टार्गेटकडे ठेवून किमान तीस सेकंद, कारण राऊंड उशिरा उडू शकतो. नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फुस्स’ झालं असेल तर पुढचा शॉट अजिबात नाही. बुलेट बॅरलमध्ये अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर बॅरल फुगतं. पिस्तूल रिकामं करून बॅरलमधून आरपार दिसतंय याची खात्री करा, मगच पुढे.

न उडालेला राऊंड काढल्यावर रिमवरची खूण बघा. खूण खोल, स्पष्ट आहे आणि राऊंड थोडा फिरवून परत लावल्यावर उडाला, तर रिममध्ये त्या जागी प्रायमिंगचं (फटक्याने पेटणारं) मिश्रण पोचलेलं नव्हतं, दोष राऊंडचा. खूण उथळ आहे आणि त्याच जागी दुसऱ्या फटक्याला राऊंड उडतो, तर पहिला फटका राऊंडला पुरता आत बसवण्यात खर्च झाला. म्हणजे परत चेंबरचा मळ. सगळ्याच राऊंडवर खुणा उथळ असतील, तर फायरिंग पिनच्या वाटेतला लगदा किंवा थकलेली हॅमर स्प्रिंग. चेंबरच्या काठावर पिनची खूण उमटली असेल, तर कुणीतरी रिकाम्या पिस्तुलावर बेसुमार ड्राय फायर (राऊंड न भरता ट्रिगर ओढणं) केलंय. त्याने काठ आत दाबला जातो आणि राऊंड बसताना व निघताना अडतो. आणि राऊंडवर खूणच नसेल तर मुलीला विचारा, मागच्या शॉटनंतर ट्रिगर पूर्ण सोडला होता का. रॅपिडमध्ये नव्या मुलांचं बोट अर्ध्यावरच थांबतं, ट्रिगर परत पकडतच नाही, आणि पिस्तूल अडकलं असं वाटतं.

जिवंत राऊंड चेंबरमध्ये घट्ट अडकला तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्रायमिंग सगळ्या रिमभर असतं, कुठेही फटका बसला तरी तो उडू शकतो. रेंज ऑफिसरला बोलवा.

स्प्रिंगचा नंबर आता. ती थकते, नाही असं नाही. पुंगळ्या पूर्वीपेक्षा फार लांब उडायला लागल्या, स्लाइड मागे आपटल्याचा आवाज कडक झाला, किंवा साफ चेंबरमध्येही स्लाइड शेवटचा मिलिमीटर पुढे जात नसेल, तर स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून बघा. पण तुमची मुख्य तक्रार उभी चिमटणारी पुंगळी आहे, म्हणजे स्लाइडचा मागचा प्रवास कमी पडतोय. त्यात नवी, ताठ स्प्रिंग घातली तर प्रवास आणखी कमी होईल. दुकानदाराचा सल्ला मला म्हणूनच पटला नाही. मागे रबरी किंवा प्लास्टिकचा बफर असेल तर तो आधी बघा. सॉल्व्हंटने फुगलेला किंवा तुकडा पडलेला बफरही स्लाइडला मधेच थांबवतो.

बफर बदलणं, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, ओठ, कुठलंही घासकाम यातलं काहीही घरी करू नका. पिस्तूल क्लबचं आहे, क्लबच्या आर्मररला (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला) दाखवा. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे नेणं हा पर्यायच नाही.

स्पर्धा जवळ आली असेल तर एक सवय आत्ताच बदला. सरावात अडकलं की ती लगेच डाव्या हाताने स्लाइड ओढते, असं तुम्ही लिहिलंय. स्पर्धेत हेच महागात पडतं. पिस्तूल त्याच हातात, तोंड टार्गेटकडे, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरची वाट बघायची. त्याने तपासण्याआधी स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लागला, तर बिघाड खरा असूनही ग्राह्य धरला जात नाही आणि न मारलेल्या शॉटना शून्य मिळतं. मॅगझिन नीट न बसवणं, राऊंड कमी भरणं, ट्रिगर पूर्ण न सोडणं, हेही नेमबाजाच्याच खात्यात जातं. उद्यापासून सरावातही हात वर, मग कोचचा फोटो, मग मोकळं करणं. काही फोटो जमले की मॉडेल, मॅगझिनचा आकडा आणि लॉट नंबर यांसह इथे टाका, मग नेमकं बोलता येईल.